चंद्रीच्या पाठीवरचा गेरू

बसा, चहा उकळतोय. तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. आपणहून मी ती कुणाला सांगत नसतो. पण आमच्या गावात कुणालाही विचारा, तो तिखटमीठ लावून सांगेल. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेली बरी, नाही का?

आमचं गाव घनसावंगीच्या पुढं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. थंडीत पहाटे असं धुकं पडतं की आपलाच हात दुसऱ्या कुणाचा वाटावा. उसात कोल्हे ओरडतात, आणि नेमके आपण एकटे असलो की ओरडतात. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे वागलो त्याला थोडाफार हातभार या धुक्याचाही आहे. सगळा दोष माझ्या एकट्याच्या माथी मारू नका.

तर आमच्याकडं दोन गाई. म्हातारी कपिली आणि तरणी चंद्री. चंद्रीची आई वितानाच गेली. माझ्या बायकोनं, शांतानं, तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. आमच्या घरात तिचा मान माझ्यापेक्षा वरचा, हे मी मुकाट्यानं मान्य केलेलं आहे.

पण चंद्रीची एक अडचण होती. ती माजावर आलेली कळायचीच नाही! दुसऱ्या गाई माजावर आल्या की हंबरून आळी डोक्यावर घेतात, चारा सोडतात, दुसऱ्या गाईंवर उड्या मारतात. ही आपली गप्प. वेळ निघून जायची, आणि आम्ही कृत्रिम रेतनासाठी डॉक्टरला बोलवावं तर तो म्हणायचा, ‘‘काका, उशीर झाला.’’

शेवटी माझे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते एकदा जेवताना म्हणाले, ‘‘बापू, गाभण न्हाई, दूध न्हाई. नुसता खर्चा. या खेपेला न्हाई साधलं तर येत्या बाजारी न्यायची. बिलकुल ऐकणार न्हाई मी.’’

शांताची भाकरी तव्यावरच राहिली. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच माजावर यायला विसरलो होतो.

‘‘तू काळजी करू नको,’’ मी म्हणालो. ‘‘या खेपेला मी शास्त्रशुद्ध लक्ष ठेवतो.’’

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. जे करायचं ते पद्धतशीर. मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. परदेशात म्हणे गाईच्या शेपटीच्या मुळाशी रंगाचा पट्टा ओढतात. गाय माजावर आली की दुसऱ्या गाईला अंगावर चढू देते, आणि रंग पुसला जातो. सकाळी नुसता पट्टा बघायचा! तो परदेशी रंग आपल्याकडं कुठला? मी गेरू घेतला आणि एरंडीच्या तेलात कालवला. चांगला घट्ट, चिकट, लालभडक. माझ्या हुशारीवर मीच खूष झालो.

रोज संध्याकाळी पट्टा ओढायचा आणि दोघींना आवारात मोकळं सोडायचं. पहाटे टॉर्च घेऊन, माझी ती विटकरी रंगाची गोंड्यांची शाल गुंडाळून जायचं. आधी चंद्रीवर ओणवं होऊन शेपूट उचलायची, काचेसारखा चिकट सोट, म्हणजे माजाचा स्राव, दिसतो का ते बघायचं. मग टॉर्च मारून पट्टा बघायचा. क्रम ठरलेला.

आणि पहिल्याच पहाटे पट्टा पुसलेला!

मी धावत घरात. ‘‘शांते, आली! चंद्री माजावर आली!’’

डॉक्टर फटफटीवर आला. पोरगेलासा आहे, पण हात हलका. हातमोजा घालून तपासलं आणि म्हणाला, ‘‘काका, सोट न्हाई, सूज न्हाई. गाय माजावर न्हाई. खनिज मिश्रण चालू ठेवा, पुढच्या वक्ताला बराबर दाखवंल.’’

‘‘पण रंग पुसलाय ना!’’

‘‘रंग पुसला असंल, गाय न्हाई आली.’’

दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. म्हटलं, कपिली म्हातारपणी वात्रट झाली असेल. तिसऱ्या दिवशी कपिलीला शेजारच्या छपरात बांधलं. चंद्रीला एकटीला गोठ्यात घातलं आणि कडी लावली.

पहाटे गेलो. कडी तशीच. आत चंद्री एकटी. धुकं दाराच्या फटीतून आत येऊन तिच्या पायांत घोटाळत होतं. ती कोपऱ्याकडं टक लावून उभी. मी नेहमीसारखं शेपूट उचलून बघितलं, मग टॉर्च मारला.

पट्टा पुसलेला!

आता तुम्हीच सांगा. दार बंद. दुसरं जनावर नाही. मग तिच्या पाठीवर कोण चढलं?

मी मागं सरकत सरकत भिंतीला टेकलो. थोड्या वेळानं बाहेर पडता पडता वळून बघितलं, तर मी उभा होतो त्याच चुन्याच्या भिंतीवर लाल बोटं! चार-पाच. लांब, बारीक. तळवा नाही, अंगठा नाही. नुसती बोटं. आणि ओली!

म्हणजे ते माझ्या अगदी मागं उभं होतं.

घरात कसा पोचलो ते आठवत नाही. शेजारच्या गयामावशी शेणाला आल्या होत्या. त्यांनी भिंत बघितली, तोंडाला पदर लावला आणि एकच शब्द बोलल्या, ‘‘भानामती.’’

झालं! मराठवाड्यात हा शब्द निघाला की चहाच्या आधी गावभर पोचतो. कुणाच्या कपड्यावर आपोआप फुल्या उठलेल्या, कुणाच्या भाकरीत बिब्बा निघालेला. ज्याच्या त्याच्याकडं एक गोष्ट तयार. मी म्हणत होतो, ‘‘असं काही नसतं हो. शोध घेतला पाहिजे.’’ आणि शोध घ्यायला निघालो.

पण ऐका! मी जितका शोध घेऊ लागलो तितकी ती बोटं वाढू लागली. मारुतीच्या देवळात जाऊन खांबाला टेकून विचार करत उभा राहिलो. तासाभरानं पुजारी ओरडत बाहेर, खांबावर बोटं! गिरणीत गेलो, दुपारी गिरणीच्या दारावर. किसनच्या हॉटेलात तर सगळ्यांच्या देखत नव्या निळ्या बाकाच्या पाठीवर उमटली. आत्ता नव्हती, आत्ता आहेत!

मी सगळी बोटं वितीनं मोजली. बाक सोडला तर सगळी एकाच उंचीवर आणि सगळी डाव्या अंगाला. हॉटेलात उभं राहून मी गावाला निष्कर्ष सांगितला, ‘‘जे काय आहे ते बुटकं आहे. आणि डावखुरं.’’

किसननं कप विसळता विसळता विचारलं, ‘‘बापूकाका, किती बुटकं म्हनायचं?’’

‘‘असं समज, माझ्याएवढं.’’

हॉटेल एकदम गार पडलं. कुणी हसलं नाही. आज आठवलं की वाटतं, एकजण जरी हसला असता तरी पुढचं टळलं असतं.

शांता म्हणाली, ‘‘जांबला जाऊन रामदास समर्थांच्या पाया पडून येऊ. तुमच्या डोळ्याला डोळा न्हाई.’’ गेलो. दर्शन घेतलं, मन हलकं झालं. येताना जीपमध्ये झोपही लागली. घनसावंगीत उतरलो, तर ड्रायव्हर मागून ओरडला, ‘‘ओ काका! ही काय बोटं?’’ त्याच्या पांढऱ्या सीटकव्हरवर, मी टेकून झोपलो होतो तिथंच!

‘‘भानामती आपल्यासंगं आली,’’ मी शांताला म्हणालो.

‘‘भाडं तिचं बी द्या मंग,’’ ड्रायव्हर म्हणाला, पण त्यानं जीप अशी पळवली की मागचा एक माणूस चढायचा राहिला.

त्यानंतर मी चंद्रीकडं जाणंच सोडलं. संध्याकाळी लांबूनच काठीला फडकं बांधून पट्टा ओढायचा आणि पळायचं. पहाटे अंथरुणातून उठायचं नाही. चारापाणी शांता करायची. मला लाज वाटायची, पण लाजेपेक्षा भीती मोठी.

आणि मग बाजाराचा आदला दिवस उजाडला. दिवेलागणीला चंद्री ओरडायला लागली.

जी गाय कधी हूं की चूं करत नव्हती, ती! लांब, घोगरा, पोटातून निघालेला आवाज. उसातले कोल्हेसुद्धा गप्प झाले. चारा हुंगत नव्हती. डोळे मोठे करून दाराबाहेरच्या धुक्याकडं बघायची, कान टवकारायची आणि पुन्हा हंबरायची, जणू त्या धुक्यात कुणी तिला ओ देत होतं. दाव्याला असे हिसके की खुंटा हलला.

गाव गोळा झालं. गयामावशी म्हणाल्या, ‘‘अंगात आलंय तिच्या. जवळ जाऊ नका कोनी.’’

मी दारातूनच, तीन हात लांबून, टॉर्च मारला. पट्टा जसाच्या तसा! एक रेघही हललेली नाही.

‘‘बघा!’’ मी ओरडलो. माझा आवाज बारीक झालेला. ‘‘माज असता तर रंग पुसला असता. हा माज नाही. ही भानामतीच!’’

असं ठासून बोलणारा माणूस गावात मी एकटाच. बाकीच्यांच्या मनात निदान शंका तरी असावी!

दादांनी टेम्पो आणवला. ‘‘सकाळपत्तूर कशाला थांबायचं? आत्ताच चढवा. घरात लेकरंबाळं हायेत.’’ मी पाठवलेला माणूस देवऋषीला आणायला गेलेला. मी हातात निंबू धरून उभा. दोघा गड्यांनी चंद्रीच्या मानेत दुसरं दावं घातलं आणि ओढायला लागले. ती पाय रोवून हंबरत होती. शांता टेम्पोच्या फळीवर जाऊन बसली.

‘‘आधी माझ्यावरून न्या तिला,’’ ती म्हणाली.

‘‘शांता, ऊठ,’’ दादा म्हणाले.

‘‘न्हाई उठत.’’

तेवढ्यात धुक्यातून एकच दिवा डोलत डोलत आला. लोक बाजूला झाले. देवऋषी म्हणून मी हात जोडले. फटफटी थांबली. डॉक्टर!

‘‘कोनी बोलवलं तुला?’’ दादांनी विचारलं.

‘‘काकूंचा फोन आल्ता,’’ तो म्हणाला आणि कुणाची वाट न बघता सरळ चंद्रीच्या मागं गेला. शेपूट उचलली. टॉर्चच्या उजेडात काचेच्या दोरीसारखा सोट लोंबत होता, तो आता मलाही दिसला. हातमोजा चढवून त्यानं आत तपासलं आणि दादांकडं वळला.

‘‘दादा, ही बाजाराला कशाला? असला झकास माज मी लई दिवसांत बघितला न्हाई! जल्दी कोमट पाणी आना कोनी तरी.’’

‘‘निंबू पाहिजे का?’’ मी हात पुढं केला.

‘‘सरबत करायचं का काका?’’

मग त्यानं फटफटीला बांधलेल्या नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उघडलं. आतून पांढरा धूर उसळला, काठावरून खाली सांडला आणि जमिनीवरून सरपटत आमच्या पायांकडं आला. गयामावशींनी किंकाळी फोडली. निम्मं गाव पळालं. मी? मी टेम्पोवर चढलो होतो. त्या धुरातून डॉक्टरनं चिमट्यानं रेताची एक बारीक कांडी काढली, कोमट पाण्यात सोडली, आणि कुणाला काही कळायच्या आत गाय भरवून मोकळा झाला.

दादा गड्यांना म्हणाले, ‘‘दावं सोडा.’’ शांता फळीवरून उठली ती थेट चंद्रीच्या गळ्यात.

‘‘पण मग रंग?’’ मी टेम्पोवरूनच विचारलं. ‘‘माज नव्हता तेव्हा रोज पुसायचा, आणि आज माज असून शाबूत?’’

डॉक्टर हात धूत म्हणाला, ‘‘आधी रोज जवळ कोन जायचं?’’

‘‘मी.’’

‘‘अन् आता? कपिली तर तिकडं छपरात बांधलेली.’’

‘‘आता... मी जात नाही.’’

शांतानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. मग हळूच टेम्पोपाशी आली, माझ्या डाव्या खांद्यावर टाकलेला शालीचा पदर ओढला आणि शाल भिंतीच्या चुन्यावर फटकन मारली. गोंडे लागले तिथं चार-पाच लाल बोटं उमटली. लांब, बारीक, ओली.

‘‘आधी गायीवर ओणवं व्हायचं,’’ ती म्हणाली, ‘‘शाल तिच्या पाठीवर लोळवायची, मंग रंग बघायचा. अन् पुन्ना तीच शाल खांद्यावर टाकून गावभर फिरायचं!’’

पळालेलं गाव तोवर परत आलं होतं. नेमकं तेव्हाच यायला हवं होतं का?

पुढं चंद्री गाभण राहिली. डॉक्टरनं तपासून सांगितलं त्या दिवशी शांतानं गुळाचा शिरा केला. मी जरा धीर करून तिला विचारलं, ‘‘अगं, खरं सांग. सगळं गाव भानामती म्हणत होतं. तो माजच आहे हे तुला कसं कळलं?’’

तिनं माझ्या ताटात शिरा वाढला.

‘‘मला कुठं कळलं व्हतं? गोठ्यात ती ओरडून राह्यली व्हती, अन् दारात तुम्ही. म्हनलं, डॉक्टरला बोलवून घेऊ. दोघांपैकी कोनाला काय टोचायचं ते त्याचं तो बघंल.’’