चौकडीची खोळ

रजईवाल्याने रजई चांगली जाडजूड भरून दिली, पण वरचं कापड लावलं सॅटिनचं. पाय घातला की थंडगार लागायचं, आणि कूस बदलली की अख्खी रजई घसरून फरशीवर. मला स्वतःला चाललं असतं. पण आई येणार होती.

आई माझ्याकडे राहायला येणार, ही साधी गोष्ट नव्हती. आमच्या घरात लेकीकडे मुक्काम करायची रीत नाही. आई बेसाला माझ्या फ्लॅटवर यायची ती सकाळी, जायची ती दिवेलागणीच्या आत, आणि जेवणाचं ओझं नको म्हणून येतानाच पिशवीभर संत्री नाहीतर भाजी घेऊन यायची. माझ्याच घरात ती पाहुणीसारखी सोफ्याच्या कडेला बसायची, त्याचा मला राग यायचा. या हिवाळ्यात भावाने जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलं आणि तो दोन खोल्यांत भाड्याने राहायला गेला. मग एक दिवस आईचाच फोन आला. "मी तुह्याकडं येऊ का वं, स्लॅब पडेपर्यंत?" मी पन्नाशीची बाई, फोन ठेवून स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी राहिले. आजवर प्रत्येक गोष्टीत आधी भाऊ आणि मग उरलंसुरलं मला. एकदा तरी तिने माझं दार निवडावं, ही माझी फार जुनी हौस होती.

म्हणून रजईला सुती खोळ शिवायचं ठरवलं. खोळ म्हणजे काही मोठी कलाकुसर नाही. दोन चादरी सुलट बाजू आत करून एकमेकींवर ठेवायच्या, तीन बाजू शिवायच्या, चौथीला नाड्या लावायच्या आणि उलटवायची. पण नवं कापड आईच्या अंगाला टोचतं. तिला धुऊन धुऊन मऊ पडलेलं सूत लागतं. तसं दुकानात मिळत नाही, जुन्या कपड्यांच्या रविवारच्या बाजारात मिळतं. घरोघरी फिरून जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या बायका जे गोळा करतात, ते शेवटी तिथेच ढिगाने येऊन पडतं.

जुनी चादर निवडायची तर उजेडासमोर धरायची. माणूस झोपतो ती मधली जागा विरलेली असते, कडा मात्र नव्यासारख्या दिसतात आणि फसवतात. मी पाच-सहा चादरी धरून पाहिल्या आणि एक पांढरी, मऊ, धड अशी बाजूला काढली. तिला जोड शोधत होते, तर ढिगाखालून निळ्या-तांबड्या चौकडीचं एक टोक दिसलं. ओढलं, तर बाबांची चादर.

ओळखायला चूक होणं शक्यच नव्हतं. माझे बाबा विणकर होते. त्यांच्या मागाचा पन्हा अरुंद, त्यामुळे चादर करायची तर दोन पट्टे विणून मधोमध हाताने जोडावे लागत. ही चादर त्यांनी माग मोडीत काढायच्या आधी शेवटची विणली. पहिला पट्टा झाला आणि ते तापाने पडले. उठून दुसरा विणला तेव्हा हातात जोर नव्हता, फणीची ठोक हलकी बसली, वीण सैल पडली, म्हणून दुसऱ्या पट्ट्याच्या चौकड्या किंचित लांब झाल्या. दोन पट्टे शेजारी ठेवले की खाली येता येता चौकडीला चौकडी जुळेना. जोड टाकायला बसलेल्या आईने त्या लांब पट्ट्याला बारीक बारीक चुण्या घालून ते निभावून नेलं. अशा चुण्या असलेली दुसरी चादर जगात नसेल.

"घेऊन राहिल्या का नुस्त्या पाहून राहिल्या?" विकणारी बाई म्हणाली. "कोरी आहे बाई. कोणी पांघरली पण नाही."

तिचं खरं होतं. घड्यांच्या रेघा तशाच होत्या, आणि नाकाशी नेली तर आईच्या पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास.

ही चादर माझी होती. बाबा गेले तेव्हा आईनेच सांगितलं होतं, "तुह्या नावाची आहे, तुहं सोताचं घर झालं की नेजो." मागच्याच वर्षी बेसाला फ्लॅट घेतला, वास्तुशांत झाली, आणि त्या दिवशी मी चादर मागितली. आईने तोंडाला पदर लावला. म्हणाली, कसर लागली, चाळणी झाली, फेकून द्यावी लागली. मी लहान पोरीसारखी रडले. आई माझ्या गळ्यात पडून माझ्यापेक्षा जास्त रडली. "तुह्या बाबाचा हात होता वं त्याच्यात," म्हणाली. पाहुणे जेवायचे थांबले होते आणि आम्ही दोघी आतल्या खोलीत एकमेकींचे डोळे पुसत होतो. चादर गेल्याचं दुःख त्या रडण्याने निम्मं कमी झालं होतं. बाजारात तो सगळा प्रसंग आठवला आणि कानशिलं तापली.

पहिला संशय वहिनीवर गेला. वहिनीवर संशय घेणं सोपं असतं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटतं. पण शेअर ऑटोत गाठोडं मांडीवर घेऊन बसल्यावर ते फार वेळ टिकलं नाही. त्या पेटीची किल्ली आईच्या कमरेला असायची. आंघोळीलाही ती काढत नसे.

फोन करून भांडता आलं असतं. मी शिवायला बसले. चादर भिजत घातली, दोन-तीनदा पाणी बदलून जुनी खळ काढली, धोपटून मऊ केली, उन्हात वाळवली. चौकडी वर, पांढरी खाली. पांढरी थोडी आखूड भरली म्हणून तिला उशीच्या अभ्र्याची पट्टी जोडली. आईचा मधला जोड मी उसवला नाही, चुण्यांनाही हात लावला नाही. आतल्या चारही कोपऱ्यांना बंद लावले, म्हणजे रजई आत गोळा होऊ नये. माझी शिलाई इतकी सरळ कधीच आली नव्हती. रागात माझा हात नीट चालतो. एरवी मी प्रेमाने शिवते तेव्हा दोरा तुटतो.

मला तिचं तोंड पाहायचं होतं. दुसरा काही विचार माझ्या मनात नव्हता.

आई आली, भाऊ तिची बॅग ठेवून कामावर गेला. जेवण झालं. दुपारी ती जरा आडवं होते म्हणून खोलीत गेली आणि मी मागोमाग दारात जाऊन उभी राहिले. पलंगावर रजई पसरलेली होती, चौकडी वर. आई बसली. तिने हात फिरवला, आणि बोटं थेट मधल्या जोडावर गेली, चुण्यांवर.

"कुठं भेटली?" तिने विचारलं. दचकली नाही, याचा मला आणखीच राग आला.

"बाजारात. कसरीनं खाल्ली होती ना वं ही? दाखव मले याच्यात एक भोक."

ती चुण्यांवरून बोट फिरवत राहिली.

"वहिनीनं देल्ली का?"

"तिचं नाव नको घेऊ. मीनं देल्ली. भांडेवालीले. परात घेतली."

ती परात मला माहीत होती. गेल्या दिवाळीला तिच्यातच मी शंकरपाळ्यांचं पीठ मळलं होतं आणि वर म्हटलं होतं, किती छान मोठी परात घेतली आई.

"मंग त्या दिवशी माह्या गळ्यात पडून रडली काहून?" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही कुणीतरी बारीक केला. "देल्ली त देल्ली. पण रडली काहून?"

"खोटी नाही रडली," आई म्हणाली.

मग ती चौकडीकडे बघत बोलायला लागली. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही.

"जन्मभर सुताच्या कांड्या भरल्या तुह्या बाबाच्या. त्यायनं मालकासाठी विणलं, बाजारासाठी विणलं. माह्यासाठी एक हात कापड नाही. तापातून उठले तवा मीनं तोंडानं मांगतलं. म्हटलं, आता माग जाऊन राहिला, तं ही चादर माह्यासाठी राहू द्या, म्हातारपणी पांघरीन. हो म्हणे. म्हून तं एकेक चुणी बसवली मी. तुले काय वाटलं, कोणासाठी एवढी बसवली? अन् घडी घातली तं म्हणे, पेटीत ठेव, पोट्टीची आहे. मीनं राखली, पण तुहं घर झालं तवा तुह्या हातात देववली नाही."

मला हे कुणी कधीच सांगितलं नव्हतं. बाबांनी खास माझ्यासाठी विणली, एवढंच ऐकत मी मोठी झाले होते, आणि भावापुढे माझ्याजवळ मिरवायला तेवढंच होतं. ती चादर आधी आईला कबूल केलेली होती. बाबा समोर असते तर त्यांना जाब विचारला असता. ते नव्हते, आणि आईवरचा माझा राग तर अजून तसूभरही उतरला नव्हता.

"मले सांगाचं होतं," मी म्हटलं. "मी देल्ली असती तुले."

"तू देल्ली असती," आई म्हणाली. "त्यायनं नाही ना देल्ली."

तिने पाय वर घेतले. रजईचं टोक उचललं, खालची पांढरी बाजू, अभ्र्याची पट्टी, माझ्या नाड्या, सगळं नीट पाहिलं. शिलाईवर नख ओढून पाहिलं, तशी ती माझी शिलाई लहानपणापासून पाहायची.

"हे माह्यासाठीच शिवलं ना तूनं?"

"हो."

"मंग आता माही आहे," ती म्हणाली, आणि रजई हनुवटीपर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी दारातच उभी राहिले. बाबांची म्हणून जी एकच वस्तू मला मिळायची होती, ती मी माझ्याच मशीनवर, तिच्या रजईच्या मापाने शिवून तिला देऊन बसले होते. आता परत मागायला मला तोंड नव्हतं.