सतरावा कागद

वसुधाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी दुबईच्या बर दुबई भागात, मीना बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात उभी होते. भाचीच्या लग्नासाठी अस्तराचं कापड बघत होते आणि दुकानदाराशी रंगावरून वाद चालू होता. तेवढ्यात वसुधाताईंच्या मुलाचा, निनादचा, अजमानहून फोन आला. "मावशी, आई गेली. आज सकाळी. शी वॉज स्लीपिंग..." एवढं बोलून तो थांबला. दुकानदारानं माझ्या तोंडाकडे बघून स्टूल पुढे केलं आणि मी बसले. त्या वेळी खरं तर रडू यायला हवं होतं, पण आली ती भीती. अगदी साधी भीती. या बाईला मला एक गोष्ट सांगायची होती, पंधरा वर्षं सांगायची होती, आणि आता ती कुणाला सांगणार, हा पहिला विचार मनात आला. याला आता सहा आठवडे होऊन गेले. तो विचार अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमची शेवटची भेट त्याच्या दोन महिने आधीची. निवृत्तीनंतर त्या आमचं अल ऐन शहर सोडून अजमानला निनादकडे राहायला गेल्या होत्या. मी भाजणीचा डबा घेऊन गेले होते. त्या खिडकीपाशी पाय वर घेऊन बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले. निघताना मी चपला घालत होते तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "शर्मिला, तुला माझी भीती वाटते का गं?" मी हसले. "तुमची कसली भीती? शाळेतल्या पोरांना वाटत असेल." त्यासुद्धा हसल्या आणि विषय तिथेच संपला. परतीच्या सबंध रस्त्यावर मी सुरेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गाडी हळू चालव म्हणून बडबडत होते. तो बिचारा हळूच चालवत होता.

आता मुळापासून सांगते. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही अल ऐनमध्ये एका तीन मजली इमारतीत तळमजल्याचं घर घेतलं. मला चकली-भाजणीचा धंदा सुरू करायचा होता आणि त्या घराचं स्वयंपाकघर मोठं होतं. आमच्या आधी तिथे एक मराठी कुटुंब राहत होतं. त्यांना जाधव म्हणते, नाव बदललेलं आहे. मालकानं भाडं वाढवलं, जाधवांना ते झेपेना, त्यांनी मुदत मागितली. त्याच आठवड्यात सुरेशनं मालकाला वाढीव भाडं कबूल केलं. जाधवांना आम्ही ओळखत होतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांच्या बायकोच्या शेजारी बसून मी मोदक वळले होते. तरीही आम्ही ते घर घेतलं. ते लोक अजमानला, स्वस्त जागेत गेले. जाताना जाधव किल्ली सुरेशच्या हातात देऊन म्हणाले, "यल्ला, चला, आता तुमचं." बाकी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

राहायला जाऊन वीस दिवस झाले असतील. जुलै महिना, दुपारचे दोन. शाळांना सुट्टी लागलेली, अर्धी इमारत भारतात गेलेली. बाहेर नुसतं पांढरं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी कचरा टाकायला दार उघडलं आणि दाराच्या बाहेरच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, चिकटवलेला कागद दिसला. शुद्ध मराठीत, टपोऱ्या सुंदर अक्षरात लिहिलेला. ज्याला बाहेर काढलं त्याच्या जागेत तू शिरलास, असं त्यात होतं. आठ दिवसांत जागा सोड, नाहीतर हे छप्पर तुझ्या डोक्यावर पेटेल. आम्ही कोण हे विचारू नकोस, आम्ही सगळीकडे आहोत. खाली कुणा कॅप्टनची सही होती आणि सहीच्या खाली शवपेटीचं चित्र, तिच्या कडेचे खिळेसुद्धा काढलेले. आपल्या लोकांत शवपेटी कुठे असते, एवढा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. भीतीनं माणसाची अक्कल कशी गहाण पडते ते मी स्वतःवरून सांगते. मी कागद ओरबाडून आत घेतला, दाराला दोन्ही कड्या लावल्या आणि सुरेश येईपर्यंत न्हाणीघरात बसून राहिले, कारण त्या एकाच खोलीला बाहेरची खिडकी नव्हती.

पुढचे तीन दिवस मी गॅस पेटवला नाही. काडी ओढायला हात धजेना. कागदात छप्पर पेटेल म्हटलं होतं ना... चौथ्या दिवशी आम्ही टायपिंग सेंटरमध्ये जाऊन कागदाचं अरबी भाषांतर करून घेतलं आणि पोलिसांकडे गेलो. तिथला अधिकारी सभ्य माणूस होता. चहा मागवला, नीट ऐकून घेतलं, आणि विचारलं, "किसी पर शक है?" सुरेश माझ्याकडे बघायला लागला. नाव मी घेतलं. आजपर्यंत हे सांगताना आम्ही दोघंही 'आम्ही तक्रार केली' असं म्हणत आलो, पण नाव मी घेतलं. जाधवांना बोलावलं, दिवसभर विचारपूस झाली, अक्षर तपासलं, काही जुळलं नाही. संध्याकाळी त्यांना सोडून दिलं. प्रकरण तिथेच संपायला हवं होतं. पण त्यांच्या कंपनीला कुणकुण लागली, पुढच्या महिन्यात व्हिसाची मुदत संपत होती, आणि कंपनीला कटकट नको होती. ऑगस्टअखेर जाधव बायको-मुलांसह कायमचे भारतात परतले. मी गॅस पेटवायला लागले. चकल्या छान होत होत्या.

सप्टेंबरात बेल वाजली. मी साखळी तशीच ठेवून दार बोटभर उघडलं. बाहेर कॉटनच्या साडीतल्या एक बाई. "मी वसुधा. वरच्या मजल्यावर राहते. शाळेत इतिहास शिकवते. सुट्टीत भारतात गेले होते, काल आले. एक विचारायचं होतं..." मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. नवीन मराठी माणूस भेटलं याचा आनंद, दोन महिने कोंडलेली भीती, सगळं एकदम तोंडावाटे बाहेर पडलं. "अहो, काय सांगू, आम्हाला धमकीचं पत्र आलं होतं. दारावर चिकटवलं होतं. पण पोलिसांनी त्या माणसाला बोलावलं आणि आता तो देश सोडून गेलाय. खलास." वसुधाताई उंबऱ्यावर तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "जरा पाणी देतेस?" पाणी प्यायल्या, पेला मला परत दिला आणि वर निघून गेल्या. काय विचारायचं होतं ते राहूनच गेलं. मला वाटलं, बाई जरा विचित्रच आहेत.

आठवड्याभरानं त्यांनी मला चहाला वर बोलावलं. मी स्वयंपाकघरात शिरले आणि दाराच्या आतल्या बाजूला बघितलं तर ओळीनं कागद चिकटवलेले. तेच टपोरं अक्षर, तेच कॅप्टन, त्याच शवपेट्या. वसुधाताई माझ्याकडे पाठ करून चहात आलं किसत होत्या. "हे माझं काम," त्या म्हणाल्या. "दोनशे वर्षांपूर्वीची आयर्लंडमधली पत्रं आहेत. मी त्यावर प्रबंध लिहितेय. इंग्रजीत वाचलं की नुसता अभ्यास होतो. मराठीत लिहून दारावर लावलं आणि बाजारातून येताना अंगावर काटा आला, तरच ते मला कळतं. कधी आतून लावते, कधी बाहेरून." मग त्यांनी मला सगळं सविस्तर सांगितलं. तिथली गरीब कुळं बटाटा लावलेल्या जमिनीच्या चतकोर तुकड्यावर कशी जगायची, भाडं थकलं की जमीनदार कसं बाहेर काढायचा, आणि ती जमीन जो कुणी जास्त भाड्यानं घेईल त्याच्या दारावर असा, कुणा खोट्या कॅप्टनच्या सहीचा, कागद कसा लागायचा. त्या फार सावकाश बोलत होत्या आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबत होत्या. आज कळतं की त्या माझी वाट बघत होत्या. मी म्हटलं, "छान अक्षर आहे तुमचं."

खाली आल्यावर मी इमारतीच्या नातूरला, म्हणजे रखवालदाराला, गाठलं. तो साधाभोळा माणूस म्हणाला, "मॅडम, जुलै में सीढ़ी पर गिरा था. हिंदी जैसा लिखा था. ऊपरवाली मॅडम छुट्टी पर, तो मैंने सोचा आपका होगा. आपके दरवाज़े पर लगा दिया." त्यानं माझं काम केलं होतं, म्हणून चहाला काही मिळेल या आशेनं तो उभा होता. मी दिलेसुद्धा. घरी येऊन सुरेशला सांगितलं. तो म्हणाला, "आता काय उपयोग? ते तर गेले." तेव्हापासून आमच्या घरात जाधव हे नाव कुणी उच्चारलं नाही.

आणि त्यानंतरच, खरं सांगते, आमची मैत्री झाली. रोज चार वाजता त्या खाली यायच्या, मी सोऱ्या दाबायची आणि त्या वाचून दाखवायच्या. मला आयर्लंड नकाशावर दाखवता येणार नाही, पण तिथली खेडी मला पाठ आहेत. रात्री धमकवायला कपड्यांवरून पांढरे सदरे चढवून आलेली माणसं, कधी बायकांची वस्त्रं नेसून आलेले पुरुष. दिवसाउजेडी खिडक्यांना फळ्या ठोकून बसलेला जमीनदार. बंदोबस्ताला जादा पोलीस आले की त्यांचा खर्च त्याच गावावर बसायचा, मग गाव आणखी चिडायचं. पोलीस तरी कोण, तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचीच पोरं. गावात भाड्याच्या घरात राहायची, आणि त्यांना कुणी दूध विकायचं नाही की त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. हे वाचताना वसुधाताईंचा आवाज बदलायचा. त्यांचे वडील मराठवाड्यात हवालदार होते. लहानपणी त्या पोलीस लाइनीत वाढल्या. "आई हापशावर गेली की बायका बोलायच्या थांबायच्या," त्या सांगायच्या. "वडील घरी यायचे ते बाहेरूनच हाक मारत, दार वाजवायच्या आधी. म्हणायचे, दार वाजलं की माणूस घाबरतो, नाव ऐकलं की घाबरत नाही." त्यासुद्धा तसंच करायच्या. सप्टेंबरातल्या त्या पहिल्या बेलनंतर त्यांनी माझी बेल पुन्हा कधीही आधी वाजवली नाही. आधी आवाज यायचा, "मी आहे गं, वसुधा," आणि मग बेल.

सगळ्यात जास्त भीती मला एका गोष्टीची वाटायची. त्या खबऱ्यांबद्दल वाचायला लागल्या की मी सोऱ्या जोरात फिरवायची. शेजाऱ्याचं नाव सांगणारी माणसं. काही बक्षिसासाठी सांगायची, काही जुन्या रागातून, आणि काही नुसती घाबरून. "घाबरून सांगणाऱ्याबद्दल कुणी लिहीत नाही," त्या एकदा म्हणाल्या. "पण शर्मिला, मला वाटतं तेच जास्त असतील." माझी चकली तुटली. मी म्हटलं, "पीठ सैल झालंय." तेव्हा जरी सांगितलं असतं तरी चाललं असतं. नाही सांगितलं. सांगितलं तर ही बाई चार वाजता यायची बंद होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांचा प्रबंध पुढे पुरा झाला नाही. कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, शाळेच्या पेपरांतून वेळच मिळत नाही. मीही सगळ्यांना तेच सांगायची.

दिवस-वार झाल्यावर निनादनं मला एक खोकं आणून दिलं. "आई सेड दिस इज फॉर यू. ओन्ली यू. मी उघडलं नाही मावशी." आत ते सगळे कागद होते, क्रमांक घालून फाइलीत लावलेले. एक, दोन, तीन... सोळा. सोळानंतर एक छोटी चिठ्ठी, आणि मग अठरा. चिठ्ठीवर तेच टपोरं अक्षर, शाई जुनी, फिकी पडलेली: "सतरा. खाली गेला. सप्टेंबरात कागदाचं विचारायला गेले होते. माझ्या कागदानं एका माणसाचं घर उठलं हे तिच्या तोंडून ऐकलं आणि धीर झाला नाही. ती विचारेल तेव्हा सांगेन."

मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली सांगता येत नाही. पंधरा वर्षं ती बाई, आधी रोज चार वाजता माझ्या ओट्यापाशी बसून आणि मग अजमानहून, वाट बघत होती, आणि मी तिला घाबरत होते, आणि ती मला. आम्ही दोघींनी मिळून दोनशे वर्षांपूर्वीच्या गावांचा एवढा अभ्यास केला, आणि सगळ्यांना सगळं ठाऊक असून कुणी काही बोलत नाही अशा गावातल्यासारख्या आम्हीच राहत होतो. मला तिचा राग आला. मग स्वतःचा आला. मग खूप रडले, जे त्या दुकानात स्टुलावर बसून रडायला हवं होतं ते.

जाधव, तुम्ही हे वाचत असाल तर नाव बदललेलं असूनही तुम्हाला कळेल. ते पत्र तुमचं नव्हतं. ते मला त्याच सप्टेंबरात कळलं होतं. नाव मी घेतलं होतं. सुरेश म्हणतो, आता जुनं कशाला उकरतेस, खलास झालं ते. पण मंडळातल्या एका जुन्या ओळखीच्यांकडून मी तुमच्या गावाचा पत्ता मिळवला आहे, आणि डिसेंबरचं तिकीट काढलं आहे. मला फार भीती वाटते आहे, हेही सांगून टाकते. तुमच्या दाराशी आले की मी आधी बेल वाजवणार नाही. बाहेरूनच सांगेन, मी आहे, शर्मिला, अल ऐनच्या तुमच्या घरातली. मग दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी उभी राहीन.