सुलतानाचा आहेर

क्योतोत राहून डच वकिलांनी ऑटोमन सुलतानाला काय काय नजर केलं याचा अभ्यास करायचा, हे माझ्या सासूबाईंना आजवर पटलेलं नाही. नवऱ्याची इथे बदली झाली, घरात बसून मी कंटाळले, आणि ते जुने डच कागद कोळून प्यालेल्या, निवृत्तीला आलेल्या एका सेन्सेईंनी, म्हणजे प्राध्यापकांनी, मला पीएचडीला घेतलं. एवढीच हकिगत.

पहिलं प्रकरण मात्र त्यांनी दोनदा परत केलं. उंची कापड, घड्याळं, चिनी मातीची भांडी अशी यादी देऊन, व्यापाराच्या सवलतींसाठी दिलेली ही लाच होती, असं मी ठणकावून लिहिलं होतं. दोन्ही वेळा समासात एकच प्रश्न: पुढे त्या वस्तूंचं काय झालं? मला भयंकर राग यायचा. दरबारात पोचल्या, संपलं! पण तिसऱ्यांदा प्रकरण परत आलं असतं तर स्कॉलरशिपही गेली असती आणि अभ्यासही.

वर्षअखेरीला इथे वडीलधाऱ्यांना भेट द्यायची रीत आहे. मला ती ऐनवेळी आठवली. कपाटात सुंदर कागदात गुंडाळलेला हिरव्या चहाचा डबा होता. कोणी दिला होता, आठवेना. आम्हाला आलं घालून उकळलेला चहा लागतो, म्हणून तो तसाच पडून होता. तोच सेन्सेईंच्या घरी नेऊन दिला.

आठवड्याने त्यांनी बोलावलं. टेबलावर तो डबा, आणि शेजारी कागदाच्या आतून निघालेली चिठ्ठी. अक्षर सेन्सेईंचं. आम्हा दोघांना उद्देशून लिहिलं होतं, ताजा आहे तोवर प्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी खरं ते सांगून टाकलं. आमच्याकडे आहेरात आलेल्या साड्या पुढे आहेरातच जातात. आई प्रत्येक खोक्यावर देणाऱ्याचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवते, म्हणजे साडी फिरून त्याच घरी जात नाही. मी नाव लिहायला विसरले.

सेन्सेईंनी चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाले, "सुलतानाच्या कोठारात हे काम तुमच्या आईसारखं कोण करत असेल?"

तीन महिने मी त्या कोठाराच्याच मागे लागले. डचांनी दिलेलं कापड तिथून कोणाकोणाच्या अंगावर गेलं, कुठली वस्तू पुढच्या कुठल्या पाहुण्याला मिळाली, हे शोधताना लाच हा शब्द प्रकरणातून कधी गळाला ते कळलंही नाही.

मार्चमध्ये प्रकरण मंजूर होऊन आलं. समास कोरा होता. सोबत तोच चहाचा डबा, नव्या कागदात. उलटा करून पाहिला, तर तळाशी पेन्सिलीने सेन्सेईंचं नाव.