बसायची नोकरी

आमच्या खारूच्या आजाराची एक गंमत आहे. तो जितका वाढतो, तितकी ती छान दिसते. उभं राहिलं की तिचं रक्त पायांत उतरतं आणि वर यायला कुरकुर करतं, असं डॉक्टरीणबाईंनी मला चित्र काढून समजावलंय. मग हृदय धावत सुटतं, गाल गुलाबी होतात, डोळे चमकायला लागतात आणि बघणारा म्हणतो, "वा, तब्येत सुधारली की!" तेवढ्यात ही धाडकन खाली. बसलेली असली तर मात्र काही नाही. तिला बसवून दिवसभर आकडे द्या, हूं की चूं करणार नाही. वाणिज्य शाखेची पदवी तिने अशीच बसून मिळवली, तीही पहिल्या वर्गात. पदवी घ्यायला तेवढं उभं राहावं लागलं, तर प्राचार्यांच्या पायांशीच कोसळली. किती नम्र मुलगी, असं लोक अजून म्हणतात.

मी तिची आत्या. घरी शिवणकाम करते, म्हणजे जन्मभर बसूनच कमावलंय, आणि त्याबद्दल मला कुणी कधी काही विचारलं नाही. खारू हे नाव मीच ठेवलं. लहानपणी ती एका जागी ठरायची नाही. आजार नंतर आला, नाव तसंच राहिलं.

तिचा बाप, म्हणजे माझा मोठा भाऊ, माणूस वाईट नाही, पण हट्टी. पोरगी बसलेली दिसली की म्हणणार, "ऊठ, चार पावलं चाल, बरं वाटेल." डॉक्टरीणबाईंचं चित्र मी त्याला दाखवलं, तर त्याने ते उलटं धरून बघितलं. नोकरी शोधायची वेळ आली तेव्हा त्याचं एकच पालुपद. "दिसत नाही ना काही? मग सांगायचं कशाला?"

म्हणून पहिल्या ठिकाणी तिने सांगितलं नाही. ते ऑफिस फार आधुनिक. तिथे खुर्च्याच काढून टाकलेल्या, सगळ्या बैठका उभ्याने. "तुमच्या जमेच्या बाजू सांगा," असं विचारल्यावर ही "चिकाटी" एवढंच बोलली आणि पडली. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं. तिथे तिघांनी तिला वरपासून खालपर्यंत असं न्याहाळलं, जसं मी कापडावर डाग शोधते. "पण दिसत तर नाही काही," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "असं करा, ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी या." बोला आता!

तिसरी मुलाखत फर्निचरच्या एका मोठ्या शोरूममध्ये होती. हिशेबनिसाची जागा. ही हातची जाऊ द्यायची नाही, असं खारूने ठरवलं होतं. महिन्यांमागून महिने घरात बसून तिचा जीव विटला होता. मी सोबत निघाले, तर दादा म्हणाला, "तू जाऊ नकोस, तू भांडतेस." मी अर्थातच गेले.

आत शिरलो आणि मला हसूच फुटलं. जिकडे बघावं तिकडे खुर्च्या! जेवणाच्या, झुलणाऱ्या, फिरणाऱ्या, मागे रेलणाऱ्या. आणि प्रत्येकीच्या पाठीला एक पाटी: ग्राहकांखेरीज कुणीही बसू नये. त्या खुर्च्यांच्या मधोमध उमेदवारांची रांग ताटकळत उभी. विक्रेतेही उभे, कधी या पायावर, कधी त्या पायावर. भिंतीवर मालकांचा फोटो होता, तोसुद्धा उभ्याचाच.

दारावरच्या दरवानाने खारूचं नाव लिहून घेतलं. मी एक बरीशी खुर्ची बघून टेकले, तर तो धावत आला.

"मावशी, उठा. उमेदवारांनी बसायचं नाही."

"मी उमेदवार दिसते का तुला?"

"मग कोण तुम्ही?"

"गिऱ्हाईक! आणि ही माझी भाची, तीपण गिऱ्हाईक. बस गं."

"पण यांचं नाव उमेदवारांत लिहिलंय."

"उमेदवाराने खुर्ची विकत घेऊ नये असा नियम आहे का?"

बिचारा विचारून येतो म्हणाला आणि गेला. तोवर एक विक्रेता आलाच. त्याने खारूला मागे रेलणाऱ्या मोठ्या खुर्चीत बसवलं आणि आतल्या स्प्रिंगांचं गुणगान सुरू केलं. खारूच्या गालांवरची लाली हळूहळू उतरली. अगदी फिकट दिसायला लागली, म्हणजे तिला बरं वाटत होतं.

थोड्या वेळाने मॅनेजर आले आणि त्यांनी तिचं नाव पुकारलं. खारूने खुर्चीतूनच हात वर केला. ते गोंधळले, पण गिऱ्हाईक उठवायचं कसं? मुलाखत तिथेच सुरू झाली. पुष्कळ प्रश्न विचारले, पोरगी फडाफडा उत्तरं देत गेली. शेवटी त्यांनी विचारलं, "या आमच्या खुर्च्यांवर घसारा कसा लावाल?"

"विकायच्या मालावर घसारा नसतो, सर. वापरातल्या खुर्चीवर असतो. आणि इथे वापरातली एकही दिसत नाही."

मॅनेजर खूश! "हुशार आहात. उद्यापासून या. चला, उठा, तुमचं टेबल दाखवतो."

टेबल लांबूनच दिसत होतं. काचेपलीकडे, छातीइतकं उंच. त्यामागे दोन हिशेबनीस उभ्याने आकडे लिहीत होते.

"आमच्याकडे सगळे उभेच असतात," ते कौतुकाने म्हणाले. "कर्मचारी बसलेला दिसला की ग्राहकाला वाटतं, खुर्च्या वापरलेल्या आहेत."

खारूने माझ्याकडे बघितलं. दादाचं पालुपद तिच्या कानात वाजत असणार. मग तिने सगळं सांगितलं. काम म्हणाल तेवढं करीन, पण बसून.

"पण तुम्ही तर ठणठणीत दिसता," मॅनेजर म्हणाले.

झालं! मला वाटलं आता ही रडते. पण ती म्हणाली, "बघायचंय?"

"खारू, नको गं!" मी ओरडले, पण ती उभी राहिली होती.

विक्रेते जमले. रांगेतले उमेदवार माना उंचावून बघायला लागले. एक म्हातारं जोडपं भाव करायचं थांबून बघत राहिलं. खारूच्या गालांवर लाली चढली.

"उलट तेज आलंय की चेहऱ्यावर," मॅनेजर म्हणाले.

"आता कानात शिट्टी वाजतेय," खारूने शांतपणे सांगितलं. "आता तुम्ही लांब गेलात, सर. आता तुमचा टाय तेवढा दिसतोय. आता..."

आणि पडली. पण त्या विक्रेत्याने चपळाईने तीच खुर्ची तिच्याखाली सरकवली. खुर्ची मागे रेलली, पायांखालची फळी आपोआप वर आली आणि खारू त्यात अलगद सामावली. आवाज म्हणून झाला नाही.

मग तो म्हातारा बायकोला म्हणाला, "बघितलंस? अख्खं माणूस पडलं तरी कुरकुरली नाही." आणि विक्रेत्याकडे वळून, "हीच द्या."

मी खारूचे तळवे चोळत होते. तिने डोळे उघडले तेव्हा मॅनेजर तिच्यावर वाकले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मला धडकीच भरली.

"हिशेबाचं सोडा," ते म्हणाले. "तुमच्यासाठी वेगळीच जागा काढतो. समोरच्या काचेत. सकाळी एकदा पडायचं, संध्याकाळी एकदा. पगार हिशेबनिसाहून जास्त."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडायच्या आत खारूच बोलली.

"सर, मला पडायचं नसतं. म्हणून तर खुर्ची मागतेय."

"खुर्ची आहेच की! पडाल ती खुर्चीतच."

"मला पडायच्या आधी हवी."

"आधी दिली तर तुम्ही पडणार कशा?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

खारूने पर्स उचलली. "मग राहू द्या," म्हणाली.

हातची नोकरी गेली. ताठ मानेने निघाली खरी, पण दारापर्यंत पोचेतो पुन्हा तिचे गाल गुलाबी व्हायला लागले. मी इकडेतिकडे बघितलं. एवढ्या खुर्च्या, आणि आता आम्ही गिऱ्हाईकही नव्हतो. तेवढ्यात त्या दरवानाने आत एक नजर टाकली, मोठ्या दरवाजाच्या मागे हात घातला आणि रंगाची रिकामी बादली काढून उपडी ठेवली. वर घडी घातलेलं पोतं होतं.

"बसा ताई. साहेबांना सांगू नका."

"तुझी आहे होय रे ही?" मी विचारलं.

"गुडघे गेलेत माझे, मावशी. दिसत नाही, म्हणून नोकरी टिकलीय."

मघाशी मी त्याच्यावरच खेकसले होते. फार वाईट वाटलं मला.

खारू बादलीवर बसली आणि फोन वाजला. दादाच.

"मिळाली का?"

"पडायची मिळत होती, बाबा. बसायची नाही."

मी फोन हिसकावला आणि सगळी हकिगत सांगितली. ती कशी उभी राहिली, माणसं कशी बघत होती, काचेत काय करायला बोलावत होते. म्हटलं, आता ते पालुपद सुरू होणार आणि आज मी याला सोडत नाही.

"तिला दे," एवढंच म्हणाला. मी दिला, पण कान लावून तिथेच वाकून राहिले.

"खारू," दादा म्हणाला, "फार वेळ उभं केलं का गं तुला?"

आजार आल्यापासून हे त्याने कधी विचारलं नव्हतं. मघाशी एवढ्या लोकांसमोर न रडलेली पोर आता त्या बादलीवर बसून हमसाहमशी रडायला लागली. दरवान रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"आता कुठे आहेस?"

"बसलेय, बाबा."

"मग बसूनच राहा. अजिबात उठू नकोस. मी येतोय."