बाबांच्या बाजूचं बटण

आमची पहिली व्हॅन चोरीला गेली ती अंगणातून, किल्लीसकट. तोंडवलीत आमच्या वाडीत किल्ली गाडीतच ठेवायची पद्धत. कोणाला जाळी पसरायला जागा हवी असते, कोणाच्या लग्नाच्या मांडवाला गाडी आडवी येते, कोणाची म्हातारी चक्कर येऊन पडते. दर वेळी ‘गो, किल्ली खंय?’ म्हणून कोण बोंबलत बसणार? ज्याला हवी त्याने न्यायची, काम झालं की आणून लावायची. त्यामुळे त्या सकाळी अंगण रिकामं दिसलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. नेली असेल कोणीतरी, येईल. चहा झाला, आंबोळ्या झाल्या, गाडी येईना. घरोघर विचारून झालं, कोणीच नेली नव्हती.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारलं, “चावी कुठे होती?”

“गाडीतच होती.” तिथे आपण आपोआप पुस्तकातलं मराठी बोलायला लागतो.

“म्हणजे तुम्ही चोराला चावी देऊन ठेवली होती.”

“चोराला नाही हो साहेब, वाडीला दिली होती.”

त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. एरवी मी त्या बघण्याला चांगलं उत्तर दिलं असतं, माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशी बाबांचं डायलिसिस होतं.

साखरेने बाबांची दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा त्यांना कणकवलीला न्यायचं, मशीनला लावायचं, अर्धा दिवस बाहेर बाकावर बसायचं आणि परत आणायचं. मशीनवरून उतरले की त्यांना उभं राहवत नाही, तेव्हा डेपोत बसची वाट बघणं वगैरे विसरायचं. एक खेप चुकली की अंगात पाणी साठतं. घरात आम्ही दोघंच. आई गेली, भावंडं नाहीत, लग्न मी केलं नाही आणि का केलं नाही ते सांगत बसत नाही. पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत, मासळीचं जेवण घालते, त्यावर घर चालतं. आमच्याकडे गाडी ही चैन नव्हती. गाडी होती म्हणून बाप होता.

गाडी गेल्यावर पहिली खेप चुकलीच. वाडीतल्या रिक्षा लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेल्या, मालवणहून सांगितलेली गाडी ऐनवेळी आली नाही. संध्याकाळपर्यंत बाबांना आडवं होता येईना. खिडकीचा गज धरून ते श्वास ओढत होते आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पहाटे कोणाची तरी जीप मिळाली म्हणून वाचले.

मग मुंबईच्या आतेभावाने आपली जुनी छोटी गाडी आणून दिली. ती आली आणि माझी झोप गेली. पान हललं तरी मी खिडकीशी. किल्ली कमरेला, तरी जीव थाऱ्यावर नाही, कारण हल्ली चोरांना किल्ली लागते कुठे? मोबाईलवर कोणीतरी छुप्या बटणाचं सांगत होता. कणकवलीतल्या गाड्यांच्या वायरमनला विचारलं, तर म्हणाला, सोपं आहे, पेट्रोलच्या पंपाला जाणारी वायर तोडायची आणि मध्ये एक बटण घालायचं. बटण बंद असेल तर स्टार्टर नुसता घुरघुरतो, इंजिन काही धरत नाही. चोराला वाटतं खटारा आहे, तो सोडून जातो. बाबा मशीनवर असताना एका सकाळी त्याने ते बसवून दिलं. स्टेअरिंगच्या खाली, फ्यूजच्या डब्यामागे, बोट घातल्याशिवाय सापडू नये असं.

आता नवी गाडी म्हटल्यावर देवळासमोर नेऊन गाऱ्हाणं घालायला हवं. आमच्या वाडीचं गाऱ्हाणं बाबा घालतात, त्यांच्या बापापासून तो मान आहे. आणि गाऱ्हाण्यात देवाला सगळं खुलासेवार सांगावं लागतं, मोघम बोललेलं चालत नाही. नारळ ठेवला, सगळी वाडी जमली, सुट्टीवर आलेले मुंबईकर जमले, माझ्या खोलीत उतरलेलं एक पुण्याचं कुटुंबही मोबाईल वर धरून उभं राहिलं. बाबांनी काठी बाजूला ठेवली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या तुज्या लेकरान ही गाडी तुज्या दारात हाडल्यान हा…”

“व्हय म्हाराजा,” वाडी म्हणाली.

“आदली गाडी चोरान व्हरली, तसा परत होव नये म्हणान तिना ष्टेरिंगाच्या खाली, फ्यूजच्या डब्याच्या मागे जां चोरबटण लायल्यान हा, तेच्यार तुजी नजर रवांदे…”

“व्हय म्हाराजा.”

मी कपाळावर हात मारला. दुपारी दुकानात साखर आणायला गेले तर दुकानदारीण म्हणते, “गो, फ्यूजच्या मागे तुजो हात तरी पोचता काय?”

घरी येऊन मी बाबांवर असा तोंडाचा पट्टा सोडला की पुण्याची मंडळी खोलीतून बाहेर येईनात. “चोराक आता फक्त जेवक बोलवा,” म्हटलं. बाबा शांतपणे म्हणाले, “देवापासून लपवून कसा चलात गो?” पुढच्या खेपेला मी वायरमनकडे गाडी पुन्हा लावली. बटण दुसरीकडे घाल, म्हटलं. तेव्हा बाबाच म्हणाले, “माज्या बाजूक लाय. सीटच्या आणि दाराच्या मधी, खाली. आजारी म्हाताऱ्याच्या बुडाखाली कोण हात घालतलो? आनी ह्या खेपेक देवाकय सांगूचंय नाय.”

वायरमन हसला, मीही हसले. बटण बाबांच्या डाव्या हाताशी गेलं.

आणि बाबा बदलले. उभं आयुष्य त्यांनी आंब्याच्या पेट्यांचा ट्रक मुंबईला नेला होता. आता नारळाच्या बागेत राहून शहाळं प्यायचं नाही, दारातला हापूस खायचा नाही, सोलकढी नाही, पाणी मोजून वाटीवाटीने. मी त्यांना सामानासारखी उचलून ठेवत होते, तेही सामानासारखे बसत होते. बटण आल्यावर मात्र ते आधीच तयार होऊन गाडीशी उभे. बसायचे, पट्टा लावायचे, डावा हात खाली सोडायचे. टक्. मग मला म्हणायचे, “मार.” मी किल्ली मारायची. किल्ली माझ्याकडे असली तरी गाडी ते चालू करत होते. मला बरं वाटायचं. मला वाटायचं, आता चाललं सुरळीत.

सुरळीत काही चाललेलं नव्हतं. ते जेवेनासे झाले होते. परत येताना वाटेतल्या सुकळवाडपासून घरापर्यंत डोळे मिटून असायचे. सुया टोचताना पूर्वी नर्सबाईची चेष्टा करायचे, ते बंद झालं होतं. हे सगळं मी बघत होते, पण बघून त्याचा अर्थ लावायला माझी तयारी नव्हती. गाडी जाग्यावर आहे ना, मग झालं.

एका सकाळी ते बसले, पट्टा लावला, आणि मी किल्ली मारली. घुरघुर. पुन्हा मारली. घुरघुर. इंजिन धरेना. मला वाटलं, खाऱ्या हवेने वायर खाल्ली. बॉनेट उघडून मी आत डोकं घातलं, त्यातलं मला काही कळत नसताना. वायरमनला फोन लावला, रेंज नाही. उशीर झाला तर मशीनवर दुसऱ्याला घेतात आणि आपल्याला संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवतात. घामाने माझी पाठ भिजली. मी परत आत बसले, “बाबा, बटण जरा परत दाबून बघा,” म्हटलं, आणि त्यांच्याकडे वळले.

त्यांचा हात बटणावर होता. झाकून धरलेला.

“आज जावचा नको,” ते म्हणाले.

“बरा वाटत नाय?”

“आज नको, उद्या नको. पुरे जाला.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, आठवावंसं वाटत नाही. त्यांचा हात ओढून काढायला मी आडवी झाले आणि मध्येच थांबले. तो डावा हात होता. सुया टोचायला ऑपरेशन करून शीर जोडलेला हात. त्याला धक्का लागू द्यायचा नाही, ओढायचा नाही, त्यावर भार द्यायचा नाही, हे नर्सबाईंनी मला इतक्यांदा सांगितलेलं की झोपेतही मी त्या हाताला जपते. तो हात बिघडला तर मशीन असून नसल्यासारखं. बाबांना हे माझ्याइतकंच माहीत होतं.

एवढ्यात माझ्या ओरडण्याने वाडी बाहेर आली. “काय जाला गो? गाडी बंद पडली?” मी काय सांगणार? बटण कुठे आहे ते सांगायचं नव्हतं, आणि माझा बाप मरायचं म्हणतो हे तर त्याहून सांगायचं नव्हतं. मी हो म्हणून मान हलवली. झालं, त्यांनी बाह्या सरसावल्या. “बस तू, आमी ढकलतंव. दुसऱ्या गेरात टाक.” बाबांनी काच खाली करून त्यांना सांगितलं, “सावकाश रे, कंबर संभाळा.” आणि काच परत वर केली.

चार माणसं गाडी ढकलत होती. माडांमधल्या वाटेने गाडी हळूहळू सरकत होती, आणि आत आम्ही दोघं बाप-लेक समोर बघत बसलो होतो. पंपच बंद, तेव्हा ती सुरू होणार नव्हती हे आम्हा दोघांनाच ठाऊक. मी क्लच सोडायची, गाडी आचका द्यायची, मागून कोणी तरी म्हणायचं, “परत एकदा.”

“बाबा, ती माणसा दमली. हात काढा.”

“तू दमलंस, ता बघ. मी कंटाळलंय गो बाय. मी आसंय म्हणान तू हय बांधलेली आसंस. मोकळी हो.”

“मोकळी होवन करू काय?”

 मला राग आला होता, इतका की स्टेअरिंगवर डोकं आपटावंसं वाटत होतं. ज्या माणसासाठी मी पोलिसांपुढे रडले, चोराला शाप दिले, झोप घालवली, तो माणूस स्वतःच उठून चालला होता आणि वर माझ्यावर उपकार केल्यासारखं बोलत होता. मी म्हटलं, “हां माज्यासाठी करतास असा सांगू नकात. माज्यासाठी करूचा तर येवा माज्यासोबत. माका दुसरा कोण नाय. घरात कोणाक हाक मारू मी? तुमका त्रास होता ता माका दिसता. दिसता, तरी मागतंय. माका तुमी होयात. अजून थोडे दिस होयात.”

हे बोलताना मला लाज वाटली. सुया त्यांना टोचणार, उलट्या त्यांना होणार, आणि मागत होते मी. मागून दम लागलेले आवाज येत होते. देवळापुढची उतरण लागली तशी गाडीने जरा वेग घेतला. मी क्लच सोडायला पाय उचलला आणि त्याच वेळी आवाज झाला. टक्.

गाडीने हिसका दिला आणि इंजिन धरलं. मागे सगळे “झाली, झाली” म्हणत टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, त्यांच्या ढकलण्याने सुरू झाली. मी आरशात बघून हात केला. बाबा म्हणाले, “आता बंद पडाक देव नको.” कणकवलीपर्यंत मी डोळे पुसत गाडी चालवली. तिथे पोचल्यावर त्यांनी नर्सबाईंपुढे डावा हात आपणहून ठेवला.

त्यानंतर आम्ही या विषयावर बोललेलो नाही. बाबा जातात, येतात, जेवतात तेवढं जेवतात. मध्यंतरी दिव्याचं काम होतं म्हणून वायरमनकडे गेले तर तो म्हणाला, “ताई, ते बटण तुमच्या बाजूला घेऊ का? फार वेळचं काम नाही.” मी त्या बटणाकडे बघितलं. मग म्हटलं, “नको, असू दे तिथेच.” माझ्या बाजूला घेतलं असतं तर मी त्यांना रोज नेलं असतं, हवं असो नको असो, चोराने गाडी न्यावी तसं.

आता गाडीत बसले की मी किल्ली हातात धरून थांबते. त्यांच्याकडे बघत नाही, समोर माडाकडे बघते. बहुतेक वेळा टक् लगेच होतं आणि ते म्हणतात, “मार.” काल मात्र टक् व्हायला फार वेळ लागला. इतका, की पुढच्या घरातली बाई अंगण झाडायची थांबून आमच्याकडे बघायला लागली. मी माडाकडेच बघत राहिले. बोलायचं ते मी एकदा बोलून बसले होते, आणि दुसऱ्यांदा मागायची माझी हिंमत नव्हती.