खूण न ठेवलेली कादंबरी

"सापडलं का?" हा मी कुंदाताईंना विचारलेला शेवटचा प्रश्न. दवाखान्यातल्या खाटेवर, उशाशी कादंबरी उपडी पडली होती. त्यांनी मान हलवली. "नाही गं, नलू. आता तूच बघ..." तीन दिवसांनी त्या गेल्या. त्यालाही आता सहा आठवडे झाले.

आम्ही दोघी झरीच्या शाळेत शिक्षिका. डहाणूहून एसटीने तलासरी, पुढे जीप. एकोणीस वर्षं आम्ही एका बाकावर बसून काढली. ताई खिडकीशी, मांडीवर कादंबरी. गोष्टीतलं माणूस खरोखर सुखी झालं, की त्या पानात त्या दिवसाचं तिकीट खुणेला ठेवायचं, ही त्यांची रीत. नायिकेचं लग्न झालं, घर झालं, तरी तिकीट हातातच. "ते मिळालं गं तिला. सुखी कुठे झाली?" गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाड नाक्यापासून ट्रकांची रांग तुंबली की मी चरफडायची आणि या खूश, वीस पानं जास्त होणार म्हणून! "चारशे पानं नुसती धावाधाव, आणि सुख अर्ध्या पानात आटोपतं," म्हणायच्या. मी चिडवायची, "लिहिणाराच रडका असेल, ताई. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

एकदा मी विचारलं, "तुमच्या गोष्टीत तिकीट कुठे ठेवायचं?" त्यांनी 'इथेच, या बाकावर' म्हणावं, अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी पान उलटलं. मग म्हणाल्या, "अजून वाचतेय." मला लागलं ते... कधी बोलले नाही.

निवृत्तीच्या दिवशीचं तिकीट त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवलं. "हे शेवटचं. उगाच कुठेही नाही ठेवायचं." त्यानंतर चार वर्षं कादंबऱ्या येत राहिल्या, तिकीट डबीतच राहिलं.

ताईंच्या भाच्याने डबी आणि दवाखान्यातली ती कादंबरी मला आणून दिली. मी ती दोनदा वाचली. शेवटाकडे एक बाई अंगणात बसून मुलीची वेणी घालते, तिथे मी डबीतलं तिकीट बाहेर काढलं. त्यांच्या वतीने एवढं खोटं करायला काय हरकत होती? पण ताईंचा आवाज आलाच, "सुखी कुठे झाली?" मी तिकीट परत डबीत ठेवलं. त्यावरची शाई पार उडून गेलीय. कुठून कुठे निघालो होतो, तेही आता वाचता येत नाही.