दाएँ म्हणजे उजवे

सापडलेल्या गोष्टीवर आमचे मोठे डॉक्टर आधी तळहात ठेवायचे. पडद्यावर छातीचा एक्स-रे असायचा, शिकाऊ डॉक्टर मोठ्या उत्साहाने फुप्फुसातल्या डागाकडे बोट दाखवायचे, आणि मोठे डॉक्टर खुर्ची पुढे ओढून तो डाग हाताने झाकून टाकायचे. "हौ, हे मिळालं. आता हे नाहीच असं समजा. बाकी काय आहे ते बोला." मुलं गडबडायची. मग एखादीला बरगडीतली बारीक चीर दिसायची, एखाद्याला गळ्याच्या हाडामागे लपलेलं काहीतरी. एक चोर सापडला की पहारेकरी झोपतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या महागड्या पडद्यावर त्यांच्या पंजाचे ठसे उमटत. सफाईच्या बाई रोज सकाळी ते पुसताना पुटपुटायच्या, "इत्ते बडे डॉक्टर, मगर बच्चों के जैसे हाथाँ लगाते."

मुलांनो, तुमच्या आजीने जामबागच्या शाळेत इंग्रजी शिकवलं हे तुम्हाला माहीत आहे. निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं मी एका रुग्णालयाच्या रेडिऑलॉजी विभागात होते, हे मात्र घरात कोणाच्या फारसं लक्षात नाही. एक्स-रे, स्कॅन पाहून डॉक्टर आपलं मत माइकमध्ये बोलत, संगणक ते टाइप करी, आणि मी ते वाचून सुधारत असे. मग डॉक्टर सही करत. संगणकाला आमच्या हैदराबादी डॉक्टरांचं इंग्रजी झेपत नसे. एकदा त्याने 'लिव्हर'चं 'लव्हर' केलं आणि एका बाईंच्या रिपोर्टात लिहिलं, 'लव्हर आकाराने वाढला असून त्यात चरबी साठली आहे.' मी ते मोठ्या डॉक्टरांना नेऊन दाखवलं. ते गंभीरपणे म्हणाले, "राहू द्या अक्का. खरं बी असंल."

मला ते अक्का म्हणत. मी वयाने मोठी होते, शिवाय विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. माझं मराठी शहरातलं, वकील-मास्तरांच्या घरातलं. त्यांचे वडील जुन्या निजामी मुलखातले शेतकरी. मी दाराशी उभी राहिले की विचारायचे, "काय बघूलालाव, अक्का? आत या की." बोलता बोलता मराठीतून उर्दूत, उर्दूतून तेलुगूत कधी जायचे ते त्यांचं त्यांनाही कळत नसे.

रिपोर्टातल्या एका वाक्यावर त्यांचा राग होता: 'नाकारता येत नाही.' क्षयरोग नाकारता येत नाही, गाठ नाकारता येत नाही. "आपण वकील आहोत का? समोरच्या डॉक्टरानं सवाल विचारलाय, त्याचा जवाब द्या. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि पुढं कोणता तपास करायचा ते सांगा." ते वाक्य दिसलं की मी त्यांना हाक मारायची, असा मला हुकूम होता. मी शाळामास्तरीण. मला हे काम फार आवडलं.

मग एक्स-रे स्वतःच वाचून संशयाच्या जागी चौकोन काढणारा नवा संगणक-प्रोग्राम आला. तरुण डॉक्टर हरखले, वयस्कर धास्तावले. आमचे डॉक्टर आधी स्वतः एक्स-रे पाहायचे, मत ठरवायचे, आणि मगच प्रोग्रामचे चौकोन उघडायचे. "जावई आहे हा. मान द्यायचा, विचारायचं, पण घराची किल्ली द्यायची नाही." त्याने खरोखरच एकदा त्यांच्या नजरेतून सुटलेली गाठ दाखवली, तेव्हा मात्र दिवसभर येईल त्याला सांगत सुटले, "जावयानं आज सासऱ्याला शिकवलं."

त्यांनी विभागात सुरू केलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गुरुवारची बैठक. आठवड्यात सुटलेल्या, चुकलेल्या गोष्टी पडद्यावर लावायच्या. माणसाच्या चुका आणि जावयाच्याही. पहिली चूक नेहमी त्यांची स्वतःची असे. नियम एकच होता: नाव घ्यायचं नाही. कोणी 'हे कोणी केलं?' म्हटलं की ते म्हणत, "कोणी ते नक्को. चूक आत कुठून आली ते बोला."

हे सगळं मी दाराजवळच्या खुर्चीवरून कौतुकाने ऐकत असे. आपल्यावर पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

सिकंदराबादचे एक गृहस्थ होते, रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिन ड्रायव्हर. त्यांच्या एका मूत्रपिंडात गाठ होती आणि ते मूत्रपिंड दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचं ठरलं होतं. रिपोर्ट माझ्याकडे आला तेव्हा त्यात सगळं होतं, फक्त बाजू नव्हती. बोलताना डॉक्टरांकडून राहिली होती. मी फोन केला. ते जिन्यात होते. म्हणाले, "दाएँ, अक्का, दाएँ." मी लिहिलं, लेफ्ट. संध्याकाळी घाईत त्यांनी सही केली. रिपोर्ट गेला.

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. उर्दूत दाएँ म्हणजे उजवे. घरी मराठीत डावे म्हणजे डावे. हे दोन शब्द लहानपणापासून माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात आणि मी दमले की एकमेकांच्या घरात शिरतात. आपल्या इथल्या मराठी माणसांनाच हा घोळ समजेल. पुण्याच्या माणसाला दाएँ ऐकायला येत नाही आणि लखनौच्या माणसाला डावे.

मी रिक्षाने घरी निघाले. हिमायतनगरात आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर मी सांगितलं, "दाएँ लेव." रिक्षा उजवीकडे वळली. आपलं घर डावीकडे.

"अरे, उधर कहाँ?" मी ओरडले.

"अम्मा, आपीच बोले ना दाएँ! दाएँ बोले तो दाएँ लिया. मेरा क्या कुसूर?"

मी त्याच्याशी भांडायला तोंड उघडलं आणि मला जिन्यातून आलेलं ते 'दाएँ' आठवलं.

डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टरसाब, दाएँ म्हणजे उजवं ना?"

"हौ. का?"

"मी डावं लिहिलं."

मग ते म्हणाले, "रिक्षा फिरवा, अक्का. मी स्कॅन उघडतो."

मी पोहोचले तेव्हा ते सर्जनशी फोनवर बोलत होते. गाठ उजवीकडेच होती. रिपोर्टावरून उद्याच्या ऑपरेशनांची यादी तयार झाली होती, आणि यादीतही 'लेफ्ट' पोहोचलं होतं. सर्जन म्हणत होते, स्कॅन तर मी स्वतः पाहिलाच असता. डॉक्टर म्हणाले, "पाहिला असता. पण 'असता'वर माणसाला टेबलावर झोपवायचं नाही." यादी बदलली. मला वाटलं, सुटलो.

पण ते उठले आणि म्हणाले, "चला, त्यांना सांगून येऊ."

"त्यांना कशाला? आता दुरुस्त झालंय की."

"शरीर त्यांचं आहे, अक्का."

वॉर्डात ते गृहस्थ उशीला टेकून बसले होते, बायको संत्रं सोलत होती. डॉक्टर स्टुलावर बसले आणि सरळ सांगितलं. "आपके काग़ज़ पे हमारे यहाँ से उल्टी बाजू लिखी गई थी. अब ठीक कर दिए. आपको मालूम रहना."

"किसकी ग़लती?"

मी बोलणार, तेवढ्यात ते म्हणाले, "मेरी. दस्तख़त मेरी है."

ड्रायव्हरसाहेब असे काही भडकले की शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. "सारी उमर गाड़ी चलाए हम! एक सिग्नल उल्टा पढ़ते तो? हज़ार आदमी पीछे सोते रहते!" डॉक्टर मान खाली घालून ऐकत राहिले. मध्येच "सही बोले" एवढंच. उठले नाहीत, घड्याळ पाहिलं नाही. शेवटी त्यांचा दम संपला. बायकोने त्यांच्या हातात संत्र्याची फोड ठेवली, आणि थोड्या वेळाने एक डॉक्टरांच्याही.

मग ड्रायव्हरसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "हमारे यहाँ सिग्नल अकेला आदमी नहीं पढ़ता. असिस्टंट पुकारता, फिर ड्राइवर पुकारता. दोनों का एक आया तोच गाड़ी आगे."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. "फिर से बोलो, साब," म्हणाले, आणि तळहातावर लिहून घेतलं.

मी त्या रात्री राजीनामा लिहिला, सुवाच्य अक्षरात, कारण द्यायला न विसरता. गुरुवारी तो पर्समध्ये घेऊन बैठकीला गेले. पडद्यावर दोनच शब्द होते: दाएँ, डावे. डॉक्टर म्हणाले, "इंग्रजी रिपोर्टात उर्दू कोणी घुसवली? मी. चूक माझ्या तोंडातून आत आली." पुढे ते 'लेफ्ट' कोणी लिहिलं, हे त्यांनी सांगितलंच नाही. एक तेलुगू डॉक्टर म्हणाले, "सर, आप मराठी लोगाँ को रस्ता पूछनाच नक्को." सगळे हसले. मीही हसले, आणि डोळे पुसले.

त्या दिवशी नवा नियम झाला. बाजू फक्त इंग्रजीत सांगायची. एकाने सांगायची, ऐकणाऱ्याने परत म्हणायची. आणि तपासणीआधी पेशंटने दुखऱ्या बाजूवर स्वतः हात ठेवून स्वतःच्या तोंडाने बोलायचं.

प्रशासनाच्या साहेबांना हे पुरेसं वाटलं नाही. त्यांना मेमो काढायला नाव हवं होतं. ते विभागात आले तेव्हा मी माझ्या टेबलापाशीच होते, पर्स मांडीवर. डॉक्टर म्हणाले, "साब, ज्या माणसाकडून चूक झाली, त्याच माणसानं फोन करून ती पकडली. आज नाव दिलं तर पुढच्या टायमाला फोन येणार नाही. लिहायचंच असेल तर माझं लिहा." साहेबांनी त्यांचं लिहिलं. माझा राजीनामा मी घरी आणून फाडला.

मी नंतर आणखी तीन वर्षं तिथे काम केलं. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही नाही. आभार मानायचे राहिले. निवृत्त झाल्यावर ते त्यांच्या भागातल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात गेले, जिथे स्कॅन वाचायला कोणीच नव्हतं. पहिल्या दिवाळीला त्यांचा फोन आला होता: "इथं मशीन चांगली आहे, अक्का, पण भांडायला कोणी नाही." पुढच्या दिवाळीला त्यांच्या मुलीचा आला. हृदयविकाराने गेले, कामावर असताना.

गेल्या महिन्यात गुडघ्यासाठी मी त्याच रुग्णालयात गेले. विभागात सगळे चेहरे नवे. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "अम्मा, कौनसा घुटना? हाथ रखके, मुँह से बोलो. अंग्रेज़ी में."

"एवढं सगळं कशाला ग?" मी मुद्दाम विचारलं.

"रूल है, अम्मा. पहले एक बड़े डॉक्टर थे, मराठीवाले. वो दायाँ-बायाँ ग़लत लिख दिए थे, बोलते. तब से."

खोलीत मशीन घरघरत होतं. चूक त्यांच्या नावावर चढून बसली होती, आणि त्यांनी ती तशी बसू दिली होती.

"वो नहीं," मी म्हणाले. "मैं लिखी थी. उन्होंने सही बोले थे."

मुलीने हातातला कागद खाली ठेवला. मग हसली, आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

"तो फिर आप तो दो बार बोलो, अम्मा."

"राइट," मी म्हणाले. "राइट."